कादंबरी लिहावी कशी आणि पोचवावी कशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला हा विषय दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "कादंबरी लिहावीशी वाटणाऱ्या आपल्या भगिनींना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगा. साहित्याची चर्चा नको, ती करायला विद्वान पुष्कळ आहेत." हे माझ्या दृष्टीने फार सोयीचे झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चर्चा मला झेपणार नाही. पण एक कादंबरी मी लिहिली, ती छापून घेतली, आणि तिच्या ३०० प्रतींपैकी २६० प्रती दोन वर्षांत विकल्या. तेवढ्याच अधिकारावर मी इथे उभी आहे. पुस्तकाचे नाव माझी ओळख करून देताना सांगून झाले आहे. किंमत तेवढी राहिली, ती २०० रुपये.

तुम्ही हसलात. बाईने आपल्या पुस्तकाची किंमत चारचौघींत सांगितली की हसू येते खरे. त्या हसण्याकडे मी पुढे येणार आहे. आधी लिहिण्याचे पाहू.

आपल्या मंडळातल्या निदान पाच-सहा जणींनी मला वेगवेगळे गाठून सांगितले आहे की, "मलाही लिहायचे आहे हो, पण वेळ कुठला?" तर आपण वाण्याच्या यादीसारखा हिशेब करू. फुलस्केप कागदाच्या एका बाजूवर मोकळ्या अक्षरात साधारण २५० शब्द बसतात. मध्यम आकाराची कादंबरी ४० ते ५० हजार शब्दांची. म्हणजे झाली २०० पाने. रोज एक पान लिहिले तर २०० दिवस. वर्षाचे उरलेले १६५ दिवस सणवार, पाहुणे, मुलांच्या परीक्षा, दुखणी आणि माहेरपण यांना सोडून दिले, तरी वर्षाअखेर कादंबरी हातात येते. एक पान लिहायला मला पाऊण तास लागतो. दुपारी भांडी आवरल्यापासून चहाचे आधण ठेवीपर्यंत पाऊण तास जिला मिळत नाही, अशा बायका आहेत, हे मी जाणते. त्यांनी अर्धे पान लिहावे. दोन वर्षे लागतील, एवढेच.

शिक्षण नाही, ही दुसरी तक्रार. बंगालीतल्या आशापूर्णा देवी शाळेत गेल्या नाहीत. भावांचा अभ्यास चाले तो ऐकून-पाहून त्या अक्षरे शिकल्या. १५ व्या वर्षी लग्न झाले. घरसंसार सांभाळून त्या लिहीत राहिल्या. १९६४ साली त्यांची 'प्रथम प्रतिश्रुति' ही कादंबरी निघाली आणि तिच्यासाठी त्यांना १९७६ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडे काशीबाई कानिटकर लग्न झाल्यावर नवऱ्याच्या आग्रहाने शिकल्या, आणि १९०३ साली त्यांची 'रंगराव' कादंबरी छापली गेली. मी कुणाशी बरोबरी सांगत नाही. सातवी म्हणजे यांच्या हिशेबाने पुष्कळ झाली, एवढेच म्हणते.

शुद्धलेखनाची धास्ती मात्र अनेकींना असते, म्हणून तेही सांगून टाकते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली ठरले, १९७२ साली त्यांत भर पडली. सगळे मिळून १८ आहेत. १८ नियम पाठ करणे म्हणजे काही मोठे व्रत नव्हे. शिवाय हे काम जाणणारी माणसे असतात. त्यांना मुद्रितशोधक म्हणतात. त्यांचे पैसे वाचवू नये. कापड स्वतः निवडावे, शिलाई ज्याची त्याला द्यावी. पण कुणी शुद्ध करता करता तुमची वाक्येच बदलू लागला, तर त्याला थांबवा. ऱ्हस्वदीर्घ त्याचे, वाक्य तुमचे.

आता प्रत्यक्ष लिहिणे. मी बऱ्याच जणींची हस्तलिखिते वाचली आहेत. दहांतल्या आठांची सुरुवात पणजोबांपासून होते. गाव कसे वसले, वाडा कुणी बांधला, घराण्यात किती पिढ्या झाल्या. नायिका जन्माला येते ती तिसाव्या पानावर! वाचणारी तोवर विळी घेऊन भाजी चिरायला बसलेली असते. ज्या दिवशी घरात काही बिघडले, त्या दिवसापासून सुरू करा. पणजोबा मागाहून आणता येतात, आणि नाही आणले तरी ते रागावत नाहीत.

दुसरे असे की, तुमच्या मुख्य बाईला काहीतरी हवे असले पाहिजे. फार मोठे नको. तिला स्वतःच्या नावावर एक खोली हवी असेल, मुलीला पुढे शिकवायचे असेल, नाहीतर नुसते एकदा भावाकडे आठ दिवस राहायला जायचे असेल. ते तिला सहज मिळत नाही, आणि का मिळत नाही, यातच कादंबरी आहे. सोसणारी, रडणारी, सगळे मुकाट ऐकणारी नायिका पहिली पन्नास पाने दया उत्पन्न करते. पुढे तिचा राग येऊ लागतो. तिने दोनदा तरी काहीतरी करायला हवे, भले ते फसो.

"घरात फार गरिबी होती" असे लिहू नका. ते वाक्य वाचणाऱ्याला दिसत नाही. डाळीत पाणी किती वाढले, पाहुणा आला तेव्हा साखर कुणाकडून आणली आणि ती परत करताना वाटी शिगोशीग भरली की सपाट, हे लिहा. हे ज्ञान आपल्याकडे आहे आणि ते फुकट मिळालेले नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ज्यांनी वाचली असेल त्यांना माझे म्हणणे कळेल. तिथे एक पुरुष यमू नावाच्या मुलीच्या तोंडून सगळी हकीगत सांगतो, आणि ती खरी वाटते, कारण स्वयंपाकघरातले, माजघरातले बोलणे त्यांनी कान देऊन ऐकलेले आहे. ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' पत्रात क्रमशः येई. पत्र त्यांनी १८९० साली सुरू केले होते. पुढच्या अंकाची वाट वाचकाने पाहिली पाहिजे, अशा बेताने प्रकरण तोडावे लागे. प्रकरण कुठे तोडावे हे शिकायचे असेल तर क्रमशः निघालेल्या जुन्या कादंबऱ्या वाचा. दूरदर्शनवरच्या मालिकांवरून शिकू नका. त्यांना वर्षानुवर्षे गोष्ट संपवायचीच नसते, आपल्याला संपवायची असते.

संवाद मोठ्याने वाचून पाहावेत. जे दोघींनाही ठाऊक आहे ते एक दुसरीला समजावून सांगत नाही. "वहिनी, तुझे वडील जे १२ वर्षांपूर्वी वारले" असे घरात कोण बोलते? आणि पात्राच्या तोंडी आपल्या भागाची बोली येऊ द्या. निवेदन साधे ठेवा, बोलणे जसेच्या तसे ठेवा. आपली सातारकडची भाषा पुस्तकात शोभत नाही, असे मला एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले होते. मी त्यांचे आभार मानले आणि भाषा तशीच ठेवली.

एक बारीक गोष्ट, पण पुस्तक हिच्यावर अडते. एका वहीत सगळ्या माणसांची जन्मवर्षे आणि गोष्टीतले सणवार लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात संक्रांत झाली, चौथ्यात सुनेला दिवस गेले, आणि दसऱ्याला मूल रांगू लागले, असे हस्तलिखित माझ्या हाती आले होते. महिने मोजण्यात पुरुष लेखक फसला तर एक वेळ समजू शकते!

सासूबद्दल. आपण लिहितो त्या दहा कादंबऱ्यांत नऊ सासवा दुष्ट असतात. मी सासवांची बाजू घेत नाही, ते तुम्ही जाणताच. पण तिच्या बाजूने एक पान लिहून पाहा. ती सून होती तेव्हा काय झाले, तिला आता कशाची भीती वाटते. ते पान पुस्तकात घ्या किंवा घेऊ नका. लिहिल्यावर तिचे पुढचे बोलणे बदलते.

आणि लिहून झाले की वही बासनात बांधून महिनाभर वर ठेवून द्या. लोणचे घातले त्या दिवशी कुणी वाढत नाही. महिन्याने काढून वाचाल तेव्हा कुठली पाने नुसती आपल्या समाधानासाठी लिहिली होती ते लगेच दिसते. मी माझी ४० पाने काढली. आवाजावरून टंकलेखन करणारे फोन आता आहेत, काही जणी कणीक मळताना बोलून लिहितात. खुशाल लिहा. फक्त बोलून लिहिलेले दुप्पट कापावे लागते, हा माझा अनुभव.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे म्हणजे हे भाषण करायचे कबूल केले, तिच्याकडे येते. आपण कादंबरी लिहितो ती कुणाची गोष्ट असते? आपली म्हणावी तर तिच्यात घरची सगळी माणसे असतात. नावे बदलली म्हणून ती ओळखू येत नाहीत असे थोडेच आहे? गावात चार जणींनी वाचली की पाचवी सांगते, "अगो, ही तर अमक्यांची."

माझी कादंबरी माझ्या नणंदेच्या आयुष्यावरून सुचली. त्यांच्या संमतीने हे बोलते आहे. लग्नानंतर आठ महिन्यांत त्या परत आल्या आणि त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. पुस्तकातली बाई शिक्षिका आहे, वन्सं नाहीत. पुस्तकातली बाई भांडते, वन्सं कधी भांडल्या नाहीत. तरी गोष्ट त्यांचीच. हस्तलिखित पुरे झाल्यावर मी ते त्यांना वाचून दाखवले. ११ दुपारी लागल्या. त्या तांदूळ निवडत ऐकत. काही बोलत नसत. सातव्या दिवशी एका पानाशी त्यांचा हात थांबला. ज्या रात्री त्या एसटीने एकट्या परत आल्या त्या रात्रीचे ते पान होते. मला वाटते, साऱ्या पुस्तकात तेवढे चांगले पान दुसरे नव्हते.

त्या म्हणाल्या, "वहिनी, हे काढ."

मी म्हटले, "वन्सं, यात तुमचे नाव कुठे आहे?"

"नाव नाही. पण ती रात्र माझी आहे. बाकी सगळं घे. तेवढं माझ्यापाशी राहू दे."

ते पान मी काढले. पुस्तकात आज त्या जागी एक ओळ मोकळी आहे. एका वाचक बाईंनी मला लिहिले की, तिथे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. त्यांची जाण बरोबर आहे. कलेसाठी सगळे माफ, असे म्हणणारे लेखक आहेत, आणि त्यांची पुस्तके माझ्या पुस्तकापेक्षा चांगली असतीलही. पण त्यांना त्या माणसाशेजारी रोज जेवायला बसायचे नसते. माझे मत असे की, जिवंत माणसाची गोष्ट घेतली तर छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवावी. छापल्यावर माफी मागण्यात अर्थ नाही. आणि याची दुसरी बाजूही आहे. ज्याने छळले त्याला विचारण्याची गरज नाही. जो माणूस आपल्या वागणुकीने गोष्ट देऊन गेला, त्याने नंतर ती परत मागू नये. अशा वेळी नाव, गाव, धंदा बदलावा, कोर्टकचेरीला जागा ठेवू नये, पण लिहावे.

लपवण्याचा प्रश्न यातूनच येतो. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर असे नाव होते. त्या खऱ्या मालतीबाई बेडेकर. त्या कथांवरून एवढे वादळ उठले की, ही बाई कोण याचा शोध लोक घेत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच नावाने 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी लिहिली. त्या काळी ते नाव म्हणजे चिलखत होते. आपल्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून, नवरा माल आणायला गेला की लिहीत आणि वह्या घरात लपवून ठेवीत. अशी वीस वर्षे गेली. मॅक्सीन बर्नसन या बाईंनी आग्रह धरला, आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण वही लपवण्याचे दुःख तेच. आपल्यातही कुणाची वही गहू साठवण्याच्या डब्यामागे असेल. टोपणनाव घ्यायचे तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र वहीची छायाचित्रे काढून ती विश्वासाच्या एका मैत्रिणीच्या फोनमध्ये ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेली कादंबरी पुन्हा लिहिता येत नाही.

आता छापण्याचे. तीन रस्ते आहेत. पहिला दिवाळी अंकांचा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही वाट चालू आहे. लघुकादंबरी किंवा आधी एखादी कथा तिथे पाठवावी. अंकाचे काम कितीतरी महिने आधी सुरू होते, नवरात्रात पाठवून उपयोग नाही. दुसरा रस्ता प्रकाशकाचा. पाठवण्यापूर्वी त्याने याआधी कादंबऱ्या काढल्या आहेत का ते पाहा. पाककृतींची पुस्तके काढणाऱ्याला कादंबरी पाठवणे म्हणजे सोनाराकडे दळण नेणे. सोबत एक पानाचे पत्र द्यावे, त्यात गोष्ट थोडक्यात शेवटासह सांगावी. शेवट गुप्त ठेवायचा तो वाचकापासून, प्रकाशकापासून नव्हे. तिसरा रस्ता स्वतः छापण्याचा, जो मी धरला.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. हे मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देत आले आहे आणि त्यात कादंबरीही बसते. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते, तिच्यावर लक्ष ठेवा.

पैसे मागणाऱ्या प्रकाशकांपासून सावध राहा, एवढे बोलून भागत नाही, कसे सावध राहावे ते सांगते. पुस्तक १६ पृष्ठांच्या फॉर्मात छापले जाते. १६० पृष्ठे म्हणजे १० फॉर्म. म्हणून पृष्ठांची संख्या १६ च्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही. दर विचारताना फॉर्म किती, कागद कोणता, प्रती किती, मुखपृष्ठाचे वेगळे का, बांधणी शिवलेली की नुसती चिकटवलेली, हे लिहून मागा. ५०० प्रतींचे पैसे घेऊन १०० हातात ठेवणारे महाभाग असतात. उरलेल्या "गोदामात आहेत" असे उत्तर मिळते. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे असे झाले. गोदाम त्यांना अजून दिसलेले नाही.

करारावर सही करण्यापूर्वी घरच्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्या. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि त्यात मुदत, प्रदेश आणि मानधन लिहावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षे धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क मिळण्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असे नाही, लिहिले तेव्हाच तो तुमचा झाला, आणि तुमच्या पश्चात ६० वर्षे राहतो. म्हणजे नातवंडांपर्यंत. दागिन्यांची वाटणी आपण करतो, तशी याचीही नोंद ठेवा. "सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे" या ओळीवर काट मारायला सांगा. तो नाही म्हणाला तर उठून या.

आयएसबीएन नावाचा १३ आकडी क्रमांक पुस्तकाला लागतो. तो सरकारी कार्यालयातून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी सांगितले तर कशाचे ते विचारा. आणि स्वतः छापलेत म्हणजे प्रकाशक तुम्हीच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. पुष्कळ जण टाळतात. मी पाठवल्या. मी स्वतः कोलकाता पाहिलेले नाही, पण माझे पुस्तक तिथे जाऊन आले, म्हणजे गेले आणि तिथेच राहिले.

आता ते हसणे. भाजीवाली "ताजी मेथी घ्या" म्हणून हाक देते तेव्हा तिला आपण आत्मस्तुती करणारी म्हणतो का? मग पुस्तकवालीला का म्हणावे? आपल्या लहानपणापासून मनावर बिंबवले आहे की, आपली पाठ आपण थोपटू नये. नका थोपटू. पुस्तक चांगले आहे, असे तुम्ही म्हणूच नका. पुस्तक आहे, एवढे म्हणा. नाव, कशाबद्दल आहे, किंमत, कुठे मिळेल. चार वाक्ये. ही चार वाक्ये मी आरशासमोर नव्हे, पण ओट्याशी उभी राहून पाठ केली होती. "हल्ली वेळ मिळत नाही म्हणून काहीबाही लिहिलंय झालं" असले नम्र बोलणे सोडा. ज्याला तुम्हीच काहीबाही म्हणता, त्याला दुसरी बाई २०० रुपये का देईल?

फुकट वाटू नका. फुकटचे पुस्तक शोकेसमध्ये जाते, विकत घेतलेले वाचले जाते, निदान पैसे फिटावेत म्हणून. नातेवाइकांनाही विकत द्या. दोन मामेसासरे माझ्यावर रुसले आहेत, पण दोघांनी पुस्तक वाचले आहे. सवलत द्यायची तर मंडळांना द्या, एकदम पाच घेणाऱ्यांना द्या. दुकानदार किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक सूट मागतो. ते गृहीत धरूनच किंमत ठेवा, नाहीतर प्रत्येक प्रतीला पदरचे जाईल.

माझी निम्मी विक्री हळदीकुंकू, भिशी आणि बचतगट यांत झाली. तिथे भाषण करू नये. एक प्रकरण वाचावे, दहा मिनिटांचे, आणि उत्सुकता वाटेल अशा जागी पुस्तक मिटावे. वाचून झाल्यावर बायका बोलू लागतात, आपापल्या घरचे सांगू लागतात. तेव्हा आपण ऐकावे. त्या वेळी पिशवीतून प्रती काढणे बरे दिसत नाही. निघताना काढाव्यात. फोनवरच्या गटांत रोज सकाळी पुस्तकाचे चित्र टाकणाऱ्यांना लोक कंटाळतात. मी महिन्यातून एकदा दोन मिनिटांचे वाचन आवाजात भरून पाठवते. स्वयंपाक करताना ऐकता येते, म्हणून ते ऐकले जाते.

राहिलेली निम्मी विक्री वाचनालयांची. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये आपल्या राज्यात गावोगाव आहेत. ग्रंथपालांना भेटावे, दोन दिवस वाचायला प्रत ठेवावी, मग पुन्हा जावे. ग्रंथपाल जिला म्हणतात "हे घेऊन जा, तुम्हाला आवडेल", ती बाई पुस्तक नेतेच. दहा जाहिरातींनी जे होत नाही ते त्या एका वाक्याने होते. टपालाने पाठवणे आता महाग झाले आहे. पुस्तकांसाठी रजिस्टर्ड बुक पोस्टाची स्वस्त सोय होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून एसटीने कुठे लग्नाला, बारशाला निघाले की चार प्रती पिशवीत टाकते आणि त्या गावचे वाचनालय शोधते.

परीक्षणासाठी वर्तमानपत्रांना प्रती पाठवाव्यात, दोन ओळींचे पत्र जोडावे, आणि विसरून जावे. मी सहा ठिकाणी पाठवल्या. एका ठिकाणी आठ ओळी आल्या, त्यांत माझे नाव चुकले होते. विक्रीवर त्याचा काही परिणाम झाला नाही, चांगलाही नाही. वाचकांच्या पत्राला मात्र उत्तर लिहा, हाताने लिहा. माझ्या दुसऱ्या पुस्तकाची वाट पाहणाऱ्या ३१ बायका आज माझ्या वहीत पत्त्यांसह आहेत. छापखान्याला दाखवायला याहून मोठे भांडवल माझ्यापाशी नाही.

वन्संचे सांगायचे राहिले. पुस्तक छापून आले तेव्हा पहिले गठ्ठे त्यांनीच सोडले. आता त्यांच्या बचतगटाच्या प्रत्येक बैठकीला त्या दोन प्रती घेऊन जातात. ही कुणाची गोष्ट, असे कुणी विचारले तर म्हणतात, "वाचा आणि सांगा." आत्तापर्यंत ३८ प्रती त्यांनी विकल्या आहेत, आणि त्यांचे कमिशन मी चोख देते.

अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा एक सूचना करून थांबते. येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या मागच्या खोलीत हस्तलिखिते वाचण्याची बैठक सुरू करत आहोत. ज्यांच्यापाशी पहिले प्रकरण तयार आहे त्यांनी ते आणावे. ज्यांच्यापाशी नाही त्यांनी ऐकायला यावे. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी संपेपर्यंत मधे बोलायचे नाही. चहा मंडळाचा. वाचायचे चष्मे ज्यांचे त्यांनी आणावेत. खोलीतला दिवा मंद आहे, तो बदलून देण्याचे खजिनदारबाईंनी मान्य केले आहे.